डाव्या बाजूचं माप

आमच्या सोसायटीत आणि माझ्या कंपनीत आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे अधूनमधून फोन येतात. कोणाची वहिनी असते, कोणाची मावशी. आधी इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग आवाज खाली येतो. "ताई, ऑपरेशननंतर तुम्ही ते बसवून घेतलं होतं ना? कोणतं घ्यायचं असतं?"

"ते" म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी बसवायचं इम्प्लांट. हा शब्द मलाही पटकन उच्चारता यायचा नाही, म्हणून मी कोणाला हसत नाही. पण फोनवर मला हे नीट सांगता येत नाही. एक तर बोलता बोलता मी चिडते. शिवाय पलीकडच्या बाईला हवं असतं छोटं उत्तर, म्हणजे अमुक आकाराचं घ्या, तमुक कंपनीचं घेऊ नका. तसं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. माझ्या शरीरात आणि माझ्या घरात जे झालं तेवढंच इथे आहे, आणि ते फार आनंदाचं नाही हे आधीच सांगते.

हेल्मेट

मी हडपसरच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना न दुखावता सांगायच्या, असं ते काम. पहिला भाग मला उत्तम जमतो. ते दिवस भरभराटीचे होते. दर आठवड्याला नवी मुलं कामावर रुजू होत होती, कॅन्टीनमध्ये बसायला जागा मिळायची नाही, आणि जो तो परदेशात ऑनसाइट जायची वाट बघत होता. माझंही नाव लागलं होतं. आमच्या घरात कॉम्प्युटरवर काम करणारी मी पहिली, विमानात बसणारीही पहिलीच ठरले असते.

डाव्या बाजूला गाठ लागली ती आंघोळ करताना. दुखत नव्हती म्हणून मी बरेच दिवस तिच्याकडे लक्ष दिलं नाही. नंतर तपासणी झाली, सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट आणायला माझा नवरा प्रशांत गेला. तो सरकारी खात्यात इंजिनिअर आहे, मोजकं बोलणारा. त्याचा फोन आला तेव्हा मी क्लायंटच्या कॉलवर होते.

"खाली ये," तो म्हणाला. "मी गेटवर आहे."

"रिपोर्ट काय आहे?"

"खाली ये ना."

मी खाली गेले. तो स्कूटरवर बसून होता, डोक्यात हेल्मेट, काचही खाली. मी जवळ गेले तरी त्याने काच वर केली नाही. आतूनच म्हणाला, "कॅन्सर आहे म्हणतात. पण लवकर कळलंय." मला त्याचा चेहरा दिसला नाही. काचेत माझाच दिसत होता, आणि खाली गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी मागे बसले आणि बिबवेवाडीतल्या आमच्या घरापर्यंत त्याच्या हेल्मेटकडे बघत राहिले. घरी आल्यावर मला आठवलं की कॉल तसाच चालू ठेवून मी आले होते.

पांढऱ्या साड्या

स्तन पूर्ण काढावा लागेल असं ठरलं. माझी आई कात्रजला राहते, महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. ती दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रडली नाही. मैत्रीची, म्हणजे माझ्या मुलीची, वेणी घालताना मात्र तिने ती इतकी घट्ट बांधली की पोरगी ओरडली.

रविवारी आईच्या विहारातल्या बायका मला भेटायला आल्या. वंदना करून तशाच आल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून. जिन्यातून त्या रांगेने वर चढल्या. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि आईचा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. कधी झालं?"

आई म्हणाली, "अजून व्हायचंय. ऑपरेशन बुधवारी आहे."

त्या दिवशी मी हसले. पोट धरून हसले आणि मग थांबताच येईना. बायकांनी मला धरून कॉटवर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळ्यांनी मिळून त्रिसरण म्हटलं. मला त्यातला एक शब्दही नीट ऐकू आला नाही, पण इतक्या बायकांचा आवाज खोलीत भरून राहिला ते बरं वाटलं.

हॉस्पिटल

ऑपरेशनबद्दल मला काही सांगता येणार नाही, मी झोपेत होते. जाग आली तेव्हा छातीवर घट्ट पट्ट्या होत्या आणि बाजूने एक नळी निघून बाटलीत गेली होती. त्या बाटलीत लालसर पाणी साचायचं. संडासला जाताना ती सोबत न्यावी लागे. आईने तिच्यासाठी जुन्या साडीची एक पिशवी शिवून आणली, खांद्याला अडकवायची. हॉस्पिटलात सकाळ फार लवकर होते. चादर बदलणं, ताप बघणं, चहा, मग डॉक्टरांचा ताफा. डॉक्टर पायाशी उभे राहून माझ्याबद्दल एकमेकांशी बोलायचे. मी मधेच काही विचारलं की सगळे दचकून माझ्याकडे बघायचे.

डावा हात वर जात नव्हता, त्यामुळे केस विंचरता यायचे नाहीत. वॉर्डातल्या आया मावशी रोज दुपारी आपलं काम झालं की येऊन माझी वेणी घालून जायच्या. काय झालं, कसं झालं, मुलं किती, असं कधीच काही विचारलं नाही. हे केसही थोड्या दिवसांत जाणार हे त्यांना माहीत असणार, मला तर माहीत होतंच. तरी त्या रोज भांग सरळ पाडायच्या.

स्तन काढतानाच आत एक रिकामी पिशवी ठेवली होती. नंतर त्वचेतून सुईने तिच्यात थोडं थोडं मिठाचं पाणी भरायचं, म्हणजे कातडी ताणली जाते आणि पुढे इम्प्लांटला जागा होते. घरात आम्ही तिला फुगा म्हणायचो. केमोथेरपी चालू असतानाच फुगा भरणंही चालू होतं. केमोचं मी लिहीत नाही. तोंडाची चव जाते, केस जातात, माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसून राहतो. ज्यांनी घेतलीय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना घ्यायचीय त्यांना मी आत्तापासून कशाला घाबरवू? किरणोपचार लागले नाहीत, तेवढं नशीब.

बाल्कनी

प्रशांतने माझं सगळं केलं. हे आधी लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणी त्याला नावं ठेवू नयेत. त्याने रजा काढल्या, गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या, मैत्रीचा डबा केला. त्या डब्यात रोज बटाट्याचे काप असायचे आणि मैत्रीने एकदाही तक्रार केली नाही.

पण मी कपडे बदलायला लागले की तो बाल्कनीत जायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, मला संकोच वाटू नये म्हणून जातो. आई पट्टी बदलायची, तेव्हा तो बाल्कनीत. मी गाऊनच्या गुंड्या काढायला हात लावला की बाल्कनीच्या दाराची कडी वाजायची. तिथे बघायला काय होतं? आमचेच वाळत घातलेले कपडे आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. लग्नाला बारा वर्षं झाली होती. हा माणूस पूर्वी मी केस पुसत असले तरी दारात उभा राहून बघायचा आणि मी ओरडले की "बघायला पैसे पडतात का?" म्हणायचा. आता तो माझ्याशी बोलताना कपाळाकडे बघून बोलायचा.

मी विचारलं नाही. त्याच्या तोंडून उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की इम्प्लांट बसलं, पहिल्यासारखं दिसायला लागलं की हे बंद होईल. टेस्टरने असं गृहीत धरून चालू नये. पण मी चालले.

मापाचा ब्लाउज

केमो संपून थोडे दिवस गेल्यावर प्लास्टिक सर्जन मॅडमनी इम्प्लांट निवडायला बोलावलं. पन्नाशीच्या बाई, आवाज कोरडा, कौतुकबिवतुक नाही. प्रशांतला ऑफिसात बैठक होती, किंवा होती असं तो म्हणाला, म्हणून सोबत आई आली.

मॅडमनी टेबलावर नमुने मांडले. पारदर्शक, हातात घेतले तर जड आणि लिबलिबीत. काही पूर्ण गोल, काही खाली भरलेले आणि वर उतरते, काही उंच, काही पसरट. कॅटलॉग परदेशी होतं आणि त्यातल्या फोटोंतल्या बाया गळ्यापासून कमरेपर्यंतच होत्या. मी ऑफिसात इंटरनेटवर वाचून एक्सेलमध्ये तक्ताच करून नेला होता. मॅडमनी त्याच्यावर नजर टाकली आणि बाजूला ठेवला.

"यात तुमच्या छातीची रुंदी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ती नव्हती.

तेवढ्यात आईने पिशवीतून माझा मापाचा ब्लाउज काढला आणि टेबलावर नमुन्यांच्या शेजारी ठेवला. शिंप्याकडे नवा ब्लाउज टाकताना नमुन्याला आपण जुना, नीट बसणारा ब्लाउज देतो, तो. घरातून निघताना आम्ही दोघींनी मिळून तो कपाटातून शोधला होता. आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. माप द्यायचंय तर माप न्यायला हवं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"मापाचा आहे," आई म्हणाली. "हिचे सगळे ब्लाउज यावरून शिवतात. आजवर एकही बिघडला नाही."

मॅडम हसल्या नाहीत. ब्लाउज उलटा करून त्यांनी शिवणी बघितल्या. "किती जुना आहे?"

"मैत्री व्हायच्या आधीचा," मी म्हणाले.

"अहो, तुमचा शिंपी या ब्लाउजच्या मापाने कापड कापतो. कमी पडलं तर आणखी कापड घेतो. मी आणखी कातडी कुठून आणू?" मग त्यांनी एक पट्टी घेतली आणि माझ्या छातीची रुंदी मोजली, छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या अलीकडपर्यंत. "तुमची छाती अरुंद आहे. इम्प्लांट या रुंदीत बसायला हवं. माझं मत विचाराल तर हे." त्यांनी मधल्यापेक्षा लहान एक नमुना पुढे सरकवला. "आणि उजवी बाजू थोडी कमी करून घ्या, म्हणजे दोन्हीकडे सारखं दिसेल."

"उजवीकडे हात लावायचा नाही," मी म्हणाले. "तेवढंच एक धड राहिलंय."

"मग मोठं बसवावं लागेल. बसवता येतं. पण कातडी पातळ आहे, ताण येईल, त्रास होऊ शकतो. शिवाय लहान काय आणि मोठं काय, तिथे स्पर्श कळणार नाही हे लक्षात ठेवा. हे तुम्हाला नक्की कोणासाठी हवंय?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

खोटं होतं. प्रशांतने माझ्याकडे पुन्हा बघावं एवढंच मला हवं होतं. बाकी गोल की उतरतं, लहान की मोठं, मला कशाशीच देणंघेणं नव्हतं.

फुग्यावर आणखी किती भर लागेल ते दिसावं म्हणून मॅडमनी दोन आकारांचे पॅड घरी दिले, कपड्यांच्या आत घालून बघायला. घरी आईने मला मापाचा ब्लाउज घालायला लावला. लहान पॅडने डावीकडे कापडाला चुण्या पडल्या. मोठ्याने ब्लाउज भरला. आईने मागून हुक लावले, मला आरशाकडे वळवलं आणि म्हणाली, "आली बघ माझी पोरगी." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती रडली.

वर साडी नेसून प्रशांतला हाक मारली. तो दारात आला. "छान दिसतंय," तो माझ्या साडीच्या काठाकडे बघून म्हणाला.

मी मोठं घेतलं.

गार

ऑपरेशन करून फुग्याच्या जागी ते बसवलं. सुरुवातीचे काही महिने ठीक गेले. ब्लाउज बसत होता. कंपनीत परत गेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. ऑनसाइटला दुसरंच कोणी गेलं होतं. माझ्या टीममधली स्नेहा, नवीनच लागलेली मुलगी, म्हणाली, "ताई, यू लुक सो नॉर्मल!" आणि मिठी मारली. मारता मारता ती क्षणभर अडखळली, कारण तिला ते लागलं होतं. "सॉरी, सॉरी, दुखलं का?" मी नाही म्हणाले. तेव्हा दुखत नव्हतं. फक्त घट्ट व्हायला लागलं होतं.

बाहेरची वस्तू शरीरात गेली की शरीर तिच्याभोवती एक पातळ आवरण तयार करतं. सगळ्यांमध्येच करतं. काहींच्यात ते आवळत जातं. माझ्यात आवळत गेलं. इम्प्लांट हळूहळू वर सरकलं, कडक झालं, कच्च्या पेरूसारखं हाताला लागायला लागलं. डाव्या कुशीवर झोपता येईना. कंपनीच्या बसमध्ये गतिरोधक आला की मी फाइल छातीशी धरल्यासारखं करून हाताने ते धरून ठेवायची. हडपसरच्या रस्त्यावर गतिरोधकांना तोटा नाही.

थंडीत ते गार पडायचं. बाकी अंग पांघरुणात उबदार आणि तेवढा एक गोळा गार. रविवारी सकाळी मैत्री माझ्या अंथरुणात शिरायची. एकदा तिने नेहमीसारखं डावीकडे डोकं टेकवलं, जरा वेळ राहिली, मग उठली आणि पलीकडून येऊन उजवीकडे झोपली. मी तिला जवळ घेतलं आणि डोळे मिटून पडून राहिले. मला इतकं वाईट ऑपरेशनच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आणि बाल्कनीची कडी वाजतच होती.

एका रविवारी मैत्री क्लासला गेली होती. मी कपाटातून कुर्ता काढला आणि प्रशांत उठला. मी जाऊन बाल्कनीच्या दारालाच टेकून उभी राहिले.

"आज नाही जायचं," मी म्हणाले.

"कपडे काढून आणतो. ऊन गेलं."

"राहू देत कपडे. तुला किळस येते का माझी? सरळ सांग. हो म्हण, मी ऐकून घेईन."

तो खाली बघत राहिला. "किळस नाही."

"मग काय?"

"मी बघितलं," तो थांबत थांबत म्हणाला, "आणि माझा चेहरा काहीतरी झाला, तर तो तुला दिसेल. तू तो विसरणार नाहीस. तुझ्या सगळं लक्षात राहतं."

मला राग आला. दया यायला हवी होती कदाचित, पण राग आला. "आणि तुझी पाठ? दीड वर्ष मी तुझी पाठ बघतेय. ती माझ्या लक्षात राहिलेली तुला चालते?"

त्याने पायात चपला सरकवल्या. गाडीची किल्ली घेतली आणि मैत्रीला आणायला गेला, तिचा क्लास सुटायला अजून कितीतरी वेळ होता तरी. मी तिथेच दाराशी बसून राहिले. सगळं सहन केलं ते ज्यासाठी, त्याचा आणि या गोळ्याचा काही संबंधच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

काढून टाकणं

मॅडमनी तपासलं. म्हणाल्या, आवरण साफ करून लहान इम्प्लांट बसवता येईल, पण पुन्हा असंच होणार नाही याची खात्री नाही. पाठीचं मांस फिरवून पुढे आणता येईल, ते मोठं ऑपरेशन. नाहीतर काढून टाकता येईल.

"पहिल्यांदा तुमचं ऐकून लहान घेतलं असतं तर हे झालं नसतं का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "लहान घेतलेल्यांनाही होतं. ताण नसता तर शक्यता कमी होती, एवढंच म्हणेन. स्वतःला शिक्षा द्यायला तेवढं पुरणार नाही."

"मग काढा. रिकामं करून द्या मला."

"रिकामं नाही म्हणायचं. सपाट म्हणा. आत तुमच्या बरगड्या आहेत, फुप्फुस आहे, हृदय आहे. रिकामं कुठून?" हे त्यांनी कागदावर लिहिता लिहिता म्हटलं, मान वर न करता.

आईला हे अजिबात पटलं नाही. "एवढं सोसलंस ते काढून टाकायला?" ती ओरडली. शिक्षिकेचा आवाज, खालच्या काकूंपर्यंत गेला असणार. "तुझं वय काय! पुढे उभं आयुष्य आहे. लोकांचं सोड, तुला आरशात बघवेल का?"

"आत्ता तरी कुठे बघवतंय, आई?"

ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. ती घासलेलीच होती. मी तिच्यामागे गेले नाही. तिच्या मनातली पोरगी आणि मी, आम्ही दोघी आता वेगळ्या होतो, आणि तिला हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

आता ज्या बायका मला फोन करतात त्यांच्यासाठी. मी काढून टाकलं म्हणजे तुम्ही बसवू नका, असं नाही. वारज्याच्या एका बाईंनी लहान घेतलं, उजवीकडचं कमी करून घेतलं, आणि त्या मजेत आहेत. स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. पण निवडताना आधी छातीची रुंदी मोजून घ्या आणि तिच्यात काय बसतं ते विचारा. जुने कपडे, लग्नातले फोटो घरी ठेवा. आम्ही ब्लाउज नेला, तुम्ही नेऊ नका. नमुना घरी देत असतील तर साडीवर नाही, रोजच्या कपड्यांत घालून चार कामं करून बघा, पोळ्या लाटा, बसमध्ये चढा. त्रास झाला तर पुढे काय करणार हे आधीच विचारून ठेवा. हे जन्मभर टिकेलच असं नसतं, तेही विचारा. काहीच न बसवणं हाही पर्याय आहे, तो डॉक्टर कधी कधी शेवटी सांगतात, तुम्ही तो पहिल्यांदा विचारा. आणि कोणासाठी हवंय या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना खोटं दिलंत तरी चालेल. घरी आल्यावर मात्र खरं द्या.

पट्टी निघाली

काढून टाकायचं ऑपरेशन लहान होतं. टाके निघाले, पट्टी निघाली. आई कात्रजला परत गेली होती. ती अजून थोडी रागावलेली होती, फोनवर फक्त "जेवलीस का?" विचारायची.

दुपारची वेळ होती. मैत्री मैत्रिणीकडे खेळायला गेली होती. मी पलंगावर बसून मलम लावायला कुर्ता वर केला. प्रशांत पेपर वाचत होता. तो उठला. माझ्यात आता भांडायचं बळ नव्हतं. तो बाल्कनीकडे गेला, दाराशी उभा राहिला, आणि मग त्याने आतून कडी घातली आणि परत फिरला.

तो माझ्यासमोर येऊन खाली जमिनीवर बसला. आणि बघितलं.

त्याचा चेहरा झालाच. ओठ आवळले, नाकपुड्या थरथरल्या, डोळे क्षणभर भिंतीकडे गेले. तो ज्या चेहऱ्याला इतके दिवस भीत होता, तोच होता तो. मी तो नीट बघितला. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. तो म्हणाला होता ते बरोबर होतं, तो चेहरा मी विसरणार नाही. पण भिंतीकडे गेलेले डोळे परत आले आणि मग तिथेच राहिले. व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथे कातडी आत ओढली गेलीय तिथेही.

"हात लावला तर दुखेल?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने दोन बोटं व्रणाच्या मध्यावर ठेवली. "कळतंय?"

"नाही."

बोटं वर सरकवली. "इथे?"

"नाही."

खाली, बरगडीवर आणली. "इथे?"

"दाबलंस तेवढं कळलं. तुझा हात आहे हे नाही कळलं."

त्याचे डोळे भरले होते, पण तो थांबला नाही. बोटं हळूहळू बाजूला नेत राहिला, दर थोड्या अंतरावर थांबून विचारत, आणि मी नाही, नाही म्हणत गेले. काखेच्या जवळ, जिथे व्रण संपतो त्याच्या जरा पुढे, तो पुन्हा थांबला.

"इथे?"

"इथे कळतंय," मी म्हणाले. "गरम आहे तुझा हात."

त्याने तो तिथून हलवला नाही.